अलका येणार, सबब कोंबडी

१० मे, शनिवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. अलका घरी नसल्यामुळे बोलायला कोणी नाही म्हणून लिहितोय, असं मुळीच नव्हे. मी एकटाही उत्तम बोलतो.

परिस्थिती अशी. अलका तिच्या बहिणीकडे, सुचेताकडे, एजवेअरला गेली आहे. गुडघ्याची फिजिओथेरपी. आठवड्यासाठी म्हणून गेली, त्याला महिना उलटला. गुडघा आहे, वेळ लागणारच. जाताना एप्रिलच्या लख्ख उन्हात थंडीचा जाड कोट घेऊन गेली. याला म्हणतात दूरदृष्टी.

चोवीस तारखेला आमच्या लग्नाचा सत्तेचाळिसावा वाढदिवस. संकल्प: त्या दिवशी तिला जेवायला बोलवायचं आणि स्वयंपाक मी स्वतः करायचा. तिची आवडती, हैतीच्या शेजारणीकडून शिकलेली कोंबडी, झणझणीत रश्श्याची. ती पहिला घास घेईल, डोळे मिटेल आणि म्हणेल, अहो, माझी बॅग एजवेअरहून आणायला हवी. मग मी बॅग आणीन. पाठ जपून.

मी कधी स्वयंपाक केला नाही हा अलकाचा जुना आरोप. वरदाच्या जन्माच्या वेळी चहा कोणी केला होता?

सायंकाळी. आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. चार ओळी पद्यात. निळ्या खुणा दोन उमटल्या. एक माझी, एक तिची. मन भरून आलं.

११ मे, रविवार.

क्रॉयडनहून वरदाचा फोन. मुलगी इथेच जन्मली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे सगळे शब्द हजर, पण गणवेश चुकीचे. म्हणाली, बाबा, आईने तुम्हाला सगळा गोष्ट नीट सांगितला ना? मी म्हटलं, गुडघ्याची ना? हो तर. म्हणाली, नाही बाबा, फ्लॅटचा. आई फ्लॅट बघतेय. यू डू नो दॅट, राइट?

मी म्हटलं, सुचेताला या वयात घर बदलायचं कुठून सुचलं? तिला सांग, तळमजल्यावरचं घे.

वरदा म्हणाली, बाबा, मला वॉशिंग लावायचा आहे, आणि फोन ठेवला. नोकरी करणाऱ्या मुलींना श्वास घ्यायला फुरसत नाही. एकूण या देशाबद्दलच माझी ही तक्रार आहे.

१३ मे, मंगळवार.

अलकाचं उत्तर आलं. "येईन. दुपारी. बोलायचं आहे. काही करू नका."

काही करू नका! माझ्या पाठीची केवढी ती काळजी.

लगेच मिर्लांदकडे गेलो. मिर्लांद आमच्या रस्त्यावरच दोन घरं सोडून राहते. हैतीहून पॅरिस, पॅरिसहून नवऱ्यामागे बेसिंगस्टोक; नवरा गेला, ती राहिली. मी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होतो, ती वॉर्डात नर्स, अलका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. त्या दोघींची मैत्री कँटीनमध्ये जमली. कोंबडी न धुता शिजवणाऱ्या देशात आपण येऊन पडलोय, यावर दोघींचं पहिल्याच दिवशी एकमत झालं. तेव्हापासून दर गुरुवारी आमच्या सिंकमध्ये दोघींचे चार हात. लिंबू, मीठ, कढत पाणी. आणि हसणं. कशाला हसतात हे मला कधी कळलं नाही. मी आत गेलो की थांबायचं.

मी म्हटलं, मला ती कोंबडी शिकव. मिर्लांद दारातच उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, नाऊ? नाऊ यू वॉन्ट टु लर्न?

मी म्हटलं, शिकायला वय नसतं. ती म्हणाली, डॉक्टर शशी, वयाचं नाही म्हणत मी.

तरी आत घेतलं. कॉफीही दिली. नियम सांगितले. कोंबडी लिंबानं धुवायची. आदल्या दिवशी हिरव्या वाटणात मुरवायची. दुसऱ्या दिवशी तेलात तांबूस परतायची, टोमॅटो, थाइमची पानं, पाणी, झाकण. वर एक स्कॉच बॉनेट मिरची, अख्खी. कापायची नाही, टोचायची नाही, दाबायची नाही. ती पाहुणी आहे. येईल, बसेल, तिचा वास ठेवून निघून जाईल.

शेवटचा नियम तिनं बोट रोखून सांगितला. दुसरं काहीही घालायचं नाही. नथिंग फ्रॉम युवर मदर.

हा टोमणा कशाबद्दल ते मला ठाऊक आहे. फेब्रुवारीत अलकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली. दोघींनी दिवसभर खपून हीच कोंबडी केली. पाहुण्यांना दार उघडायला अलका बाहेर गेली तेव्हा मी सहज चव बघितली. काहीतरी कमी होतं. दोन चमचे गोडा मसाला आणि गुळाचा खडा टाकला, ढवळलं, मोकळा झालो. मंडळी खूश! मराठी मंडळाच्या यतीननं तीनदा वाढून घेतलं. मी सगळ्यांना सांगितलंसुद्धा, अलकाचं पातेलं मी वेळेवर कसं वाचवलं ते. आणि चिपळूणला माझी आई असाच रस्सा कसा करायची तेही. अलका त्या दिवशी जेवली नाही. ओशाळली असेल. मी विषय वाढवला नाही. मोठेपणा म्हणजे आणखी काय असतं?

१७ मे, शनिवार.

रंगीत तालीम. कोंबडी आणायची राहिली, म्हणून कोंबडीवाचून.

पार्सली, पातीचा कांदा, लसूण, सिमला मिरची, थाइम, लिंबू, सगळं मिक्सरमध्ये घातलं. झाकण लावण्याबद्दल मिर्लांद काही बोलली नव्हती. छत हिरवं. चष्मा हिरवा. फ्रिजवरचा वरदाच्या पदवीदानाचा फोटो हिरवा. तरी दृश्य एकंदरीत वसंतासारखं. दोन ओळी सुचल्या, पण पेनही हिरवं.

लवंग हवी होती म्हणून अलकाचा मिसळणाचा डबा काढला. हा तिच्या आईनं लग्नात दिलेला, स्टीलचा, आत सात वाट्या. इंग्लंडला येताना तिनं तो मांडीवर धरून आणला. हीथ्रोवर कस्टमच्या माणसानं उघडून नाक घातलं आणि असा शिंकला, की पुढच्या बॅगा न बघताच आम्हाला जा म्हणाला. झाकण घट्ट. अलका कोपरानं एक टोला देऊन उघडते. मला उघडायला चमचा, सुरी आणि अखेर कपाटाची कड लागली.

आत लवंग नव्हती. आत काय होतं तेही नीट कळलं नाही. जिरं आणि बडीशेप मला एकाच घराण्यातली वाटतात. इतकी वर्षं हे सगळं माझ्या जेवणात होतं आणि आमची ओळख नाही, हे जरा चमत्कारिक वाटलं. पण इस्पितळातले निम्मे सर्जन मला आडनावानं माहीत नव्हते. काम चाललं.

१८ मे, रविवार.

छत पुसलं नाही. पाठ. शिवाय अलका आली की दोघं मिळून पुसू. सहजीवन.

२० मे, मंगळवार.

कविता सिद्ध. जेवण झाल्यावर म्हणायची. चौथीत पाटणकर बाई टेबलावर पट्टी आपटून चाल धरायला लावत. तो ठेका अजून हाडात आहे. त्या ठेक्यात बसवली:

तू गेलीस एजवेअरी, मी उरलो घरी,
फ्रिजमध्ये आहे दही, आंबट जरी;
खिडकीत तुझी तुळस, घाली पाणी मी,
ती वाळली तरीसुद्धा घालतो नेमी.

दुसरं कडवं अजून हातात येत नाही. पण पहिल्यातच सगळं आलं आहे. तुळशीचं तिला कळवलं नव्हतं, पद्यातून कळलेलं बरं.

अलकाला माझं काव्यवाचन मनापासून आवडतं. पहिल्याच ओळीला तिचे डोळे मिटतात. एकदा म्हणाली होती, अहो, तुम्ही भूल देण्याचं काम घरीही आणता. किती मार्मिक कौतुक.

२२ मे, गुरुवार.

खरेदी. कोंबडी मिळाली. स्कॉच बॉनेट मिळाली, पिवळी, गोंडस, लहान मुलाच्या टोपऱ्यासारखी. हिला इतकं काय घाबरायचं?

आज गुरुवार. सिंक कोरडं. मिर्लांद दिसते का म्हणून खिडकीतून पाहिलं. पिशवी घेऊन स्टेशनकडे निघाली होती. हल्ली ती गुरुवारी कुठे जाते कोण जाणे. पिशवीतून थाइमची जुडी डोकावत होती.

२३ मे, शुक्रवार.

कोंबडी धुतली. लिंबू, मीठ, कढत पाणी. बोटं पोळली. पाटणकर बाईंची आवडती कविता चालीवर म्हटली, हात आपोआप चालले. लिंबाचा वास वर आला आणि एकदम अलका मागे उभी आहे असं वाटलं. वळून म्हटलंसुद्धा, बघ. मग कोंबडी मुरवत ठेवली.

उद्यासाठी संकल्प. गोडा मसाल्याला हात लावायचा नाही. गूळ नाही. चिपळूणचा विषय नाही. मिरची अख्खी. ती बोलेल तेव्हा मी मध्ये बोलणार नाही. (कविता वगळून.)

२४ मे, शनिवार. सकाळी ८.

मिर्लांद आली. तळलेली कच्ची केळी आणि व्हिनेगरमध्ये मुरलेली कोबी-मिरची घेऊन. भात लावून दिला. छताकडे बघितलं. जाताना माझा खांदा धरला. म्हणाली, शशी, आज तिचं ऐक. जस्ट लिसन. फूड इज ओन्ली फूड.

नुसतं शशी म्हणाली. पहिल्यांदा. स्वयंपाकाच्या बाबतीत ही बाई फारच विनयशील.

सकाळी १०.३०.

कोंबडी परतली. रंग उत्तम, एका बाजूनं. दुसरी बाजू पातेल्यानं ठेवून घेतली. टोमॅटो, थाइम, पाणी.

मिरची हातात घेतली आणि आई आठवली. अख्खी मिरची कढत तेलात टाकू नये, फुटते आणि डोळ्यात उडते. आधी चीर द्यावी. ही गोष्ट आमच्या घरात शेंबड्या पोराला ठाऊक. मिर्लांद नर्स आहे, तिला सुरक्षिततेचं कळायला हवं होतं. एकच चीर दिली. शस्त्रक्रियेला शोभेल अशी, बारीक.

सकाळी ११.१५.

दार उघडं. खिडक्या उघड्या. धुराचा अलार्म वाजतोय. मी बागेत. पेन दिसत नाही, डायरीही अंदाजानं. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, यू ऑलराइट, लव्ह? मी म्हटलं, लग्नाचा वाढदिवस आहे. त्यांनी मान हलवली. त्यांचे दोन घटस्फोट झालेत.

दुपारी १२.

चव घेतली. जीभ माझी राहिली नाही. पाणी घातलं, तिखट पातळ झालं, कमी झालं नाही. अलका पोचायला तास उरलेला.

गूळ. फक्त खडा. हा मसाला नव्हे, प्रथमोपचार आहे.

मग रंग अगदीच परका दिसायला लागला. डबा उघडाच होता. वास आला. चिपळूणच्या ओट्यावरचा, दुपारचा, शाळा सुटल्यानंतरचा. एक चमचा. दुसरा चमचा कसा पडला ते सांगता येणार नाही.

दुपारी १.५०. बाथरूममधून.

अलका आली आहे! केस कापले आहेत, लहान. गुडघा छान, कठडा न धरता पायऱ्या चढली. मग माझ्या मनात आलं, गुडघा बरा आहे तर... पण तेवढ्यात वाढायला घेतलं.

पहिला घास घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझ्याही. दोघं टेबलाच्या दोन टोकांना रडतोय, मध्ये कोंबडी. काय क्षण! ती म्हणाली, अहो, मिरचीला चीर दिलीत? मी मान हलवली. ती हसायला लागली. खोखो. सिंकपाशी मिर्लांदबरोबर हसायची तसं. मी या हसण्यात पहिल्यांदाच आत होतो.

मग दुसरा घास घेतला आणि थांबली. जिभेवर घोळवला. म्हणाली, आणि गोडा मसाला.

हसू गेलं. पाणी चालूच होतं. मी म्हटलं, अगं, थोडासाच, प्रथमोपचार म्हणून. ती म्हणाली, हो. मग पुन्हा, हो. चमचा ताटाच्या कडेला ठेवला.

तिला भरून आलंय. तोंड धुऊन कविता म्हणतो.

दुपारी २.३०. पुन्हा बाथरूम.

विजय! कविता म्हटली. अलकानं डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तुळशीच्या ओळीला माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, छान आहे हो. आणि उठून, न सांगता, सरळ स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज येतोय. भांड्यांचा आवाज येतोय. घर घरासारखं वाजतंय.

एजवेअरहून बॅग उद्याच आणतो. रविवारी गाड्या कमी असतात, पण आणतो.

संध्याकाळी ५.

अलका गेली.

काय बोलली ते क्रमानं लिहितो, म्हणजे नंतर माझ्याकडून सुधारणा व्हायला नको.

मी स्वयंपाकघरात गेलो तर तिनं मिसळणाचा डबा धुऊन पुसून कोरडा केलेला. ओट्यावर आमचे पाहुण्यांचे कप, सात, ओळीनं. त्यांत वाट्या रिकाम्या केलेल्या. म्हणाली, अहो, हा मी नेते. आईचा आहे. मी म्हटलं, सुचेताकडे डबा नाही? ती म्हणाली, सुचेताकडे आहे. माझ्याकडे नाही.

मग म्हणाली, फ्लॅट माझ्यासाठी घेतलाय. एक खोली आणि किचन, सकाळचं ऊन येतं. मार्चपासून तुम्हाला सांगतेय. या टेबलापाशी सांगितलं, जिन्यात सांगितलं, कोट घालून दारात उभी राहून सांगितलं. तुम्ही म्हणालात, गुडघ्याची काळजी घे.

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि संकल्प आठवला. मिटलं.

ती म्हणाली, रागावून नाही जात मी. तुम्ही वाईट नाही हो. कधी हात नाही उगारलात, कधी अडवलं नाहीत. पण मी जे जे केलं त्यात तुम्ही चमचाभर तुमचं घातलंत आणि म्हणालात, आता झालं. बोलले त्यात, रांधलं त्यात. मला माझ्या हाताची चव कशी आहे तेच आठवेना. मिर्लांद गुरुवारी येते तेव्हा आम्ही करतो, मी खाते, आणि मला वाटतं, अरे, अशी आहे होय.

मी म्हटलं, मी नाही घालणार पुन्हा. ती म्हणाली, आज घातलात.



मग तिनं मला कपांसमोर उभं केलं. बोट ठेवत म्हणाली, मोहरी. जिरं. हळद. तिखट. हिंग. धण्याची पूड. गोडा मसाला. म्हणा. मी म्हटलं. चुकलो. पुन्हा म्हणा, ती म्हणाली, आणि ओट्यावर बोटानं ठेका धरला. तिसऱ्या वेळेस न चुकता आलं. ती म्हणाली, शाब्बास. गोडा मसाला सगळा तुम्हालाच ठेवलाय.

डबा मांडीवर धरूनच टॅक्सीत बसली. या देशात आली होती तशीच.

२५ मे, रविवार.

वरदाचा फोन. म्हणाली, बाबा, मी येऊ? मी म्हटलं, नको. मग म्हटलं, ये. ती म्हणाली, काय आणू?

२६ मे, सोमवार. बँक हॉलिडे.

कोंबडी संपली नाही. पातेलं मिर्लांदच्या दारात ठेवावं असं मनात आलं. ठेवलं नाही.

वरण लावलं. फोडणीला कपांसमोर उभा राहून पहिल्यापासून म्हटलं. मोहरी, जिरं, हळद. न अडखळता. पहिल्या कपातून चिमूट घेतली, कढत तेलात टाकली. तडतडली. धूर यायला लागला. मी हॉलच्या दिशेनं ओरडलो, अलका, जरा बघ गं, करपतंय का.

करपत होतं. मग मीच गॅस बारीक केला.